जाड पाटे

वरवट बकालहून जळगाव जामोद ओलांडून सातपुड्याकडे निघालं की शेवटच्या काही गावांच्या वाटा आमच्या जुन्या पिकअपला मानवत नव्हत्या. डांबर संपलं की मुरूम, मुरूम संपला की नाल्यातले गोटे. एकदा अशाच एका नाल्यात मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा दगडावर असा आपटला, की मला वाटलं गाडीचं पोटच फाटलं. उतरून पाहिलं. तेल गळत नव्हतं, पण दगडावर पांढराफटक ओरखडा उठला होता. त्याच दिवशी मी ठरवलं, गाडी उचलून घ्यायची.

गाडी नवऱ्याच्या नावावर होती, पण आली होती माझ्या रोपवाटिकेच्या कमाईतून. घरामागच्या शेतात शेडनेटखाली मी मिरची, टोमॅटो, कोबी, टरबूज यांची रोपं तयार करते. सुरुवातीला रोपं पोचवायला भाड्याची गाडी करायचे. ड्रायव्हर लोकांना रोपं आणि रेतीची पोती सारखीच. ट्रे पोचेपर्यंत निम्म्या रोपांच्या माना मोडलेल्या. शेवटी ही जुनी पिकअप घेतली आणि माझ्या धाकट्या भावाने मला ती चालवायला शिकवली.

भावाबद्दल सांगायला हवं. आई लवकर आजारी पडली, तेव्हापासून त्याचं खाणंपिणं, शाळा, ताप-खोकला सगळं मीच पाहिलं. मोठा झाल्यावर तो ड्रायव्हर झाला. कधी कोणाची जीप, कधी कोणाचा टेम्पो. स्वतःची गाडी कधी झाली नाही. पण हात असा, की घाटातसुद्धा शेजारी बसणाऱ्याला झोप लागावी. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात त्याने मला क्लच शिकवला. मी गाडी बंद पाडली की म्हणायचा, "ताई, तिले मारू नको, हळू सोड. दूध उतू जाऊन राह्यलं असं समज." मी शिकले. माझा नवरा गावात कृषी केंद्र चालवतो. दुकानात गिऱ्हाइकांसमोर तो मोठ्या आवाजात सांगायचा, "आमच्या घरची ड्रायव्हर पाहा. पुरुषाले नाई जमत असं चालवते." मला ते ऐकताना लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

तर गाडी उचलायची म्हणून आम्ही बहीण-भाऊ दिवाळीनंतर खामगावला गेलो. ट्रकवाल्यांच्या रस्त्यावर एक पाट्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एका अंगाला भट्टी आणि भिंतीला टेकवून ठेवलेले लोखंडी पाटे. गाडीच्या चाकावर हे पाटे एकावर एक रचून कमानीसारखे बसवलेले असतात आणि गाडीचा सगळा भार त्यांच्यावर असतो. कमान जितकी जास्त, तितकी गाडी उंच.

मिस्त्रीने गाडीखाली डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "हे पाटे थकले, ताई. पार सपाट झाले. भट्टीत लाल करून पुन्हा वाकवून देतो, पन थोड्या दिसात पुन्हा बसतीन. उंच कराची तं नवा संच टाका."

"कोणता?"

"आता थे तुमच्या मालावर हाय. जाड पाटे टाकले तं गाडी वजन उचलीन, पन आदळीन. बारीक पाटे जास्त टाकले तं गाडी झुलीन."

भाऊ लगेच म्हणाला, "जाडच टाका. एकदाचं काम होऊन जाईन."

"आपल्याले कोनतं वजन वाहाचं हाय?" मी म्हटलं. "ट्रे तं हलके. जाड पाट्यानं रोपं उसळतीन."

"ताई, उद्या काही दुसरा माल भराचा झाला तं?"

"कोनता दुसरा माल?"

तो हसला. "म्हंजे असंच. गाडी हाय तं मानूस काहीबी भरते."

मी ऐकलं नाही. बारीक पाट्यांचा, मोठ्या कमानीचा संच बसवायला सांगितला. येताना मी मिरचीच्या रोपांचा एक ट्रे मुद्दाम बरोबर घेतला होता. मिस्त्रीला त्याचं भारी हसू आलं. पाटे बसल्यावर गाडी टाचा उंचावल्यासारखी दिसायला लागली. मी भावाला म्हटलं, तू ट्रे घेऊन मागे बस, मी चालवते. तो तोंड वाकडं करत हौद्यात चढला, ट्रे मांडीवर घेतला आणि आम्ही शहराबाहेरच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आलो. परत आल्यावर त्याने ट्रे माझ्यासमोर धरला. एकही रोप हललं नव्हतं.

"तुहं खरं हाय," तो म्हणाला. "जाड असते तं सगळे माह्या मांडीवर आले असते."

आम्ही येताना शेगावला कचोरी खाल्ली. त्याने माझ्या प्लेटमधली मिरची उचलून खाल्ली, लहानपणी खायचा तशी. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

गाडी खरंच छान चालायला लागली. नाल्यातले गोटे खालून निघून जायचे आणि मागे ट्रे नुसते डोलायचे. पायथ्याच्या गावांतून टरबुजाच्या रोपांची मागणी आली. ते लोक थंडी कमी होता होता लागवड करतात. मी बी टाकलं. आणि तेवढ्यात माझ्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं. तिच्या डॉक्टरांनी प्रवास करू नका असं सांगितल्यामुळे ती माहेरी येऊ शकत नव्हती. म्हणून मीच अकोल्याला तिच्या घरी जाऊन राहिले. रोपांना पाणी द्यायला बाया होत्याच. गाडी भाऊ पाहणार होता. जाताना मी त्याला किल्ली दिली, तेव्हा तो म्हणाला, "तू निवांत जाय. इकडची फिकर करू नको."

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी बऱ्या होत्या. जरा स्थिरस्थावर झाल्यावर मी परत आले. टरबुजाची रोपं लावणीला आली होती, त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढते म्हटलं. नवरा म्हणाला, "आत्ताच तं आली. आराम कर. त्याले नेऊ दे." भाऊही म्हणाला, "ताई, मी जातो ना. तू काऊन तरास घेतं?" मला वाटलं, दोघांना माझी काळजी आहे. मी म्हटलं, इतके दिवस बाळंतिणीच्या खोलीत बसून अंग आंबलं आहे, मलाच जाऊ द्या.

सकाळी ट्रे चढवायला भाऊ आला. आम्ही दोघांनी मिळून हौद्यातल्या कप्प्यांत ट्रे लावले. तो खाली मान घालून लावत होता. वरून हिरवी जाळी बांधली. निघताना त्याने खिडकीशी येऊन सांगितलं, "हळू जाजो, ताई."

गाडी गावाबाहेर पडली तशी मला काहीतरी वेगळं वाटलं. साध्या गतिरोधकावर गाडी धाडकन आदळली, सीटवरून मी उडाले. मला वाटलं, भावाने टायरमध्ये हवा जास्त भरली असेल. जळगावला हवा तपासून थोडी कमी केली. तरी तेच. डांबर संपल्यावर तर पाठीचे मणके वाजायला लागले. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. मागे काय होत असेल याची मला शंका येत होती, पण जाळी सोडून पाहायची हिंमत होत नव्हती. रोपं आता शेतापर्यंत पोचवणं एवढंच हातात होतं.

रोपं मागवणारा शेतकरी माझ्या वडिलांच्या वयाचा होता. त्याच्या शेतात वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता, भोकं पाडून झाली होती, ठिबकच्या नळ्या ओल्या होत्या आणि लावणीला सांगितलेल्या बाया बांधावर बसल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून जाळी सोडली. वरच्या कप्प्यातले ट्रे खालच्यांवर आले होते. ट्रेमधला नारळाचा भुसा, कोकोपीट, सगळीकडे उधळलेला. रोपं मुळांसकट बाहेर पडलेली आणि जी ट्रेमध्ये राहिली होती त्यांच्या माना मोडलेल्या. टरबुजाचं रोप तेवढ्या वयात फार नाजूक असतं, वाकलं की गेलं.

म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने एक रोप उचलून तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "माय, हे काय आनलं?"

मी गाडीच्या मागे गेले, पदर खोचला आणि खाली वाकून पाहिलं. मी निवडलेल्या बारीक पाट्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना, नवे जाड पाटे बसवले होते. त्यांचा काळा रंगही नीट उडाला नव्हता. त्यांना धरून ठेवणारे बोल्टही नवे, लांब होते. म्हणजे हे कोणी घाईघाईत केलेलं काम नव्हतं.

बांधावरच्या बायांना त्या दिवशी नुसतंच परत जावं लागलं. मी म्हाताऱ्याला शब्द दिला की शेडमधली मागाहून पेरलेली रोपं तयार झाली की सगळ्यात आधी तुमच्याकडे येतील. तो "हाव" म्हणाला. त्याच्या सुनेने मला चहा आणून दिला. तो मी कसा प्यायले, मलाच आठवत नाही.

तिथून मी घरी आले नाही. रिकामी गाडी घेऊन सरळ खामगावला गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. भावाला फोन केला असता तर त्याने काहीतरी सांगितलं असतं आणि मी ते मानलं असतं, अशी भीती मला वाटत असावी.

मिस्त्री मला पाहून मोकळेपणाने हसला. "काय ताई, आता उचलते ना वजन?"

"हे पाटे कोनी टाकाले सांगतले?"

"तुमच्या भावानं. विटा वाहाच्या म्हने. वीटभट्टीवाल्याशी बोलनं झालं म्हने त्याचं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू गेलं. "तुमचे मालकबी होते ना संगं. मी इचारलं, ताईले चालते का? थे म्हनले, ताईले काय इचारता, ताई आता थोडीच चालवनार हाये."

मी तिथल्या लाकडी ठोकळ्यावर बसले. भट्टीचा पंखा चालू होता. हे एकट्या भावाने केलं असतं तर मी त्याच्यावर ओरडले असते, दोन दिवस बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या आवडीची पातोडीची भाजी करून डबा पाठवला असता. इतकी वर्षं हेच होत आलं होतं. पण नवरा? अकोल्याला रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, बाळ झोपलं का, तू जेवली का. त्या फोनमध्ये एकदाही हे आलं नाही. म्हणजे फोन लावताना त्याला हे ठाऊक होतं, आणि फोन ठेवतानाही ठाऊक होतं.

"काढून टाकू का?" मिस्त्रीने विचारलं.

"काढा," मी म्हटलं.

दुपार कलता कलता मी दुकानात पोचले. एक गिऱ्हाईक फवारणीचं औषध घेत होतं. ते जाईपर्यंत मी उभी राहिले. मग जाड पाटे गाडीतून उतरवून दुकानाच्या पायरीवर ठेवले. ते इतके जड होते, की एकेक आणावा लागला. नवऱ्याने पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"तुले सांगनारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"टरबुजाचं झाल्यावर. हा हंगाम तू कर, मंग गाडी त्याले द्याची, असं आमचं ठरलं होतं. पन भट्टीवाल्यानं घाई केली."

"तुमचं दोघाईचं ठरलं. मी कुठी होती?"

तो काही वेळ बिलबुकाची पानं उगाच सरळ करत राहिला. "पोरीच्या सासरी बरं दिसत नाई. आता नात झाली. आजी पिकअप चालवते म्हनल्यावर लोक काय म्हनतीन? विहीणबाई बोलल्या मले. मी तुले सांगतलं नाई, तुले वाईट वाटीन म्हनून."

"आनि गिऱ्हाइकाईले सांगत होते थे? पुरुषाले जमत नाई असं चालवते?"

"आता लोकाईच्या तोंडावर दुसरं काय बोलाचं," तो म्हणाला.

इतकी वर्षं मी ज्या वाक्यावर मनातून खूश होत होते, ते असं होतं. लोक माझ्याबद्दल कुजबुजतात, त्याच्या आधी आपणच मोठ्याने बोलून टाकायचं.

कोणीतरी सांगितलं असेल, तेवढ्यात भाऊ आला. पायरीवरचे पाटे पाहून तो थबकला. मी त्याला एकच गोष्ट विचारली.

"सकाळी तू माह्यासंगं ट्रे चढवले. तुले माहीत होतं ना काय होईन ते?"

तो पाट्यांकडेच पाहत राहिला.

"मांडीवर ट्रे घेऊन तूच बसला होता ना बे?"

"मले वाटलं तू हळू चालवशीन," तो म्हणाला.

"हळूच चालवली."

मग त्याचा आवाज चढला. "ताई, तुह्यापाशी नर्सरी हाय, शेत हाय, दुकान हाय. माह्यापाशी काय हाय? दुसऱ्याईच्या गाड्या चालवून चालवून माही उमर गेली."

"मले मांगतली असती तं मी नाई म्हनली असती का?"

"नसती म्हनली," तो म्हणाला. "थेच तं. तू देल्ली असती, आनि जिंदगीभर थे ताईची गाडी राह्यली असती."

त्याचं म्हणणं मला कळलं. कळलं म्हणून दुखायचं कमी झालं नाही. मी त्याला लहानपणापासून देत आले, ते त्याला किती जड झालं असेल, हे मला त्या दिवसाआधी कधी दिसलं नव्हतं. पण म्हणून एका म्हाताऱ्या माणसाच्या रोपांच्या माना मोडू द्यायच्या? सकाळी नुसतं म्हणाला असता, ताई थांब, पाटे बदलले आहेत. मी थांबले असते. दोघांना माझ्यापासून लपवायचं होतं, आणि त्यासाठी मला तोंडघशी पाडावं लागलं तरी चालणार होतं.

त्या दिवशी मी गाडीची किल्ली कमरेला लावली आणि घरी जाऊन शेडमधल्या रोपांना पाणी दिलं. स्वयंपाक केला नाही. नवऱ्याने दूध-पोळी खाल्ली.

पुढे मागाहून पेरलेली रोपं तयार झाली, ती मी त्या म्हाताऱ्याला पोचवली. या वेळी सगळी उभी होती. त्याने मला बांधावर बसवून भाकरी खाऊ घातली. म्हणाला, "उशिरा आली, पन साजरी आली." त्याची टरबुजं उशिरा निघाली, पण निघाली. भाऊ ते जाड पाटे घेऊन गेला. भट्टीवाल्याने त्याला आपल्याच गाडीवर ठेवलं आहे, असं मला त्याच्या बायकोकडून कळलं. माझ्याकडे तो यायचा बंद झाला. रस्त्यात त्याची विटांनी भरलेली गाडी समोरून येते, तेव्हा तो नुसता हात वर करतो. मीही करते.

नातीचं बारसं जरा उशिरा, अकोल्याला झालं. मी हट्टाने पिकअपच घेऊन गेले. नवरा शेजारी बसून आला. मला वाटत होतं, विहीणबाईंच्या तोंडावर नापसंती दिसेल. त्यासाठी मी मनात उत्तरंही तयार करून ठेवली होती. पण त्या आरतीचं ताट घेऊन थेट फाटकापर्यंत आल्या आणि गाडीकडे पाहत राहिल्या. पाहुण्या बायांना म्हणाल्या, "ह्या माह्या विहीणबाई. मी सांगत नव्हती का?" जेवणं झाल्यावर त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. मला वाटलं, आता बोलतील. तर म्हणाल्या, "मले एक चक्कर मारून आना ना. माह्या जिंदगीत मी कधी समोर नाई बसली. आमच्या ह्याईच्या गाडीत मले मागंच बसवते."

आम्ही दोघी शहराच्या कडेपर्यंत जाऊन आलो. त्या पूर्ण वेळ खिडकीची कड धरून, डोक्यावरचा पदर उडू देत बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "मी गाडी चालवते याबद्दल तुम्ही आमच्या घरी कधी काही बोलल्या होत्या का?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "काय बोलू?" त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर शेगाव मागे पडल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "विहीणबाई तं काहीच बोलल्या नव्हत्या."

तो बाहेर कापूस उपटलेल्या रानांकडे पाहत होता. तिकडेच पाहत म्हणाला, "मले वाटलं होतं, बोलतीन."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. तो घाबरला असावा, म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पाणी प्यायचं आहे. बाटलीतलं पाणी प्यायले, तोंडावर मारलं. त्यालाही बाटली दिली. तो प्यायला. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिच्या वाऱ्याने गाडी जराशी हलली.

मग मी पुन्हा गाडी सुरू केली. गावात शिरताना त्याने विचारलं, "उद्या कोबीची रोपं कुठी न्याची हायेत?" मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मी येतो ट्रे चढवाले."

"नको," मी म्हटलं. "बाया हायेत."